इतकी भारी तलवार चालवतो, मग राजा याला पदरी का ठेवत नाही?

रात्री साडेअकराला मी हॉलमधे 'द स्वोर्ड्समन' बघत बसले होते. २०२० चा कोरियन पिक्चर आहे, जांग ह्योक त्यात हळूहळू दृष्टी जात चाललेला तलवारबाज झालाय. आई पाणी प्यायला उठली ती तांब्या हातात धरून सोफ्यामागे उभीच राहिली, चांगली पंधरा मिनिटं, आणि तेवढ्यात पडद्यावरच्या त्या माणसाने बरेच जण लोळवले. मग ती म्हणाली, "अगं, इतकी भारी तलवार चालवतो हा, मग डोंगरात झोपडी बांधून का राहतोय? राजा याला पदरी का ठेवत नाही?"

मी म्हटलं अगं पिक्चर आहे तो, जा झोप. ती झोपली, झोप माझी उडाली. कारण सात-आठ वर्षं झाली, मी हे कोरियन तलवारीचे पिक्चर अधाशासारखी बघतेय, लोक विचारतात की काय असतं गं एवढं त्यात, आणि मी दरवेळी "फाइट्स कसल्या भारी असतात" एवढंच सांगून मोकळी होते. फाइट्स भारी असतातच. पण भारी फाइट्स हाँगकाँगच्या पिक्चरमधेही असतात, जपानी पिक्चरमधेही असतात, मग हेच का डोक्यात राहतात? तर आईने जो प्रश्न विचारला ना, त्याचं उत्तर कळलं की हे पिक्चर असे का आहेत ते सगळं उलगडतं. मी प्रयत्न करते, थोडा इतिहास सहन करा.

आधी हे बघा की आईला हा प्रश्न पडला कारण ती मराठी आहे. आपल्या डोक्यात तलवार म्हणजे मान. दसऱ्याला शस्त्रं पुजायची, भवानी तलवारीच्या गोष्टी ऐकत मोठं व्हायचं, एखादा गडी चांगला लढला की त्याला इनाम, गाव, मानाचं कडं. तलवार चालवणारा माणूस वर चढणार हे आपण गृहीतच धरतो. जपानचंही तसंच, तिथे सामुराई हाच मुळात राज्य करणारा वर्ग, कमरेला दोन तलवारी म्हणजे तुमचं ओळखपत्र. कोरियात मात्र गाडी उलट्या दिशेने गेलेली.

यातले बहुतेक पिक्चर जोसन काळात घडतात. १३९२ मधे यी सॉंग-ग्ये नावाच्या सेनापतीने आधीचं कोर्यो राज्य उलथवून हे नवीन राज्य सुरू केलं आणि त्याच घराण्याची सत्ता १९१० पर्यंत टिकली, म्हणजे पाचशे वर्षांहून जास्त. हे राज्य चाललं चिनी विचारवंत कन्फ्यूशियसच्या विचारावर. तिथे मोठा माणूस कोण, तर ज्याने अभिजात चिनी ग्रंथ पाठ करून सरकारी परीक्षा पास केली तो. आजच्या भाषेत सांगायचं तर यूपीएससी पास झालेल्यांचं राज्य, पाचशे वर्षं. वरच्या वर्गाला यांगबान म्हणायचे, शब्दाचा अर्थ 'दोन बाजू', एक बाजू मुलकी अधिकाऱ्यांची आणि एक लष्करी अधिकाऱ्यांची. कागदावर जोडी, प्रत्यक्षात मुलकीवाले लष्करवाल्यांकडे थोरल्या जावेने धाकटीकडे बघावं तसे बघायचे.

हे असं का झालं त्याची एक गोष्ट आहे आणि ती मला फार आवडते. जोसनच्या आधीच्या कोर्यो दरबारात एका बड्या मुलकी अधिकाऱ्याच्या पोराने मजा म्हणून एका सैन्याधिकाऱ्याची दाढी मेणबत्तीने जाळली. त्या अधिकाऱ्याचं नाव जॉंग जुंग-बू. तो तेव्हा गप्प बसला. पुढे ११७० मधे राजाच्या सहलीत सैनिकांच्या कुस्तीसारख्या खेळात एक म्हातारा सेनापती दमून मागे हटला तर एका मुलकी अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. त्या रात्री सैन्य उठलं, मुलकी अधिकाऱ्यांची कत्तल झाली, राजाला हाकललं, आणि त्यानंतर साधारण शंभर वर्षं कोरियात सेनापतींचीच चलती होती, राजा नावाला. एका दाढीपायी आणि एका थोबाडीपायी, म्हणजे कारणं अजून बरीच होती पण लोकांच्या लक्षात दाढीच राहिली.

आता हा इतिहास माहीत असलेला यी सॉंग-ग्ये नवीन जोसन राज्य उभारतोय, आणि तो स्वतःच सैन्य अर्ध्या वाटेतून मागे फिरवून राजधानीवर चालून आलेला आहे, तर त्याला आणि त्याच्या पोरांना कशाची सगळ्यात जास्त भीती असेल? दुसऱ्या सेनापतीची. १४०० साली त्याच्या पाचव्या मुलाने, जो पुढे तेजोंग राजा झाला, खाजगी फौजा बंद करून टाकल्या. कोणत्याही सरदाराने स्वतःची माणसं पदरी ठेवायची नाहीत. इथेच आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलं, पदरी ठेवणं हेच मुळात बंद. जपानमधे शेकडो सरदार होते, एकाने काढलं तर तलवारबाज दुसऱ्याकडे जाई, नाहीतर रोनिन होऊन भटके. कोरियात तसा फ्रीलान्स योद्धा नावाचा वर्गच उभा राहिला नाही. भटका तलवारबाज हा तिथे बराचसा गोष्टीतला प्राणी आहे, आणि म्हणूनच त्याच्याभोवती एक भुताटकीसारखं एकटेपण असतं, तो कुठल्याच खात्यात बसत नाही.

दुसरं म्हणजे कोरियन माणसाचं खरं हत्यार धनुष्य. धनुष्याला तिथे प्रतिष्ठा होती, कन्फ्यूशियसच्या सहा कलांमधे तिरंदाजी बसते, राजे आणि पंडितही नेम धरायचे. लष्करी भरतीच्या परीक्षेतही मुख्य मान तिरंदाजीला, उभं राहून, घोड्यावरून, शिवाय घोड्यावरून भाला. तलवार म्हणजे बाण संपले आणि शत्रू अंगावर आला तर कामाची. जोसनच्या सैनिकी तलवारीला ह्वानदो म्हणतात. १४५१ मधे दरबाराने तिचं माप ठरवून दिलं होतं, पातं जेमतेम अर्ध्या मीटरच्या आसपास, पिक्चरमधे दाखवतात त्यापेक्षा बरीच बुटकी. आणि एक गंमत लक्षात ठेवा, ती कमरेला लटकवायची कडी फिरती असायची, त्यामुळे तलवारीची मूठ मागे आणि टोक पुढे अशी अडकवता यायची. आपल्याला बघताना उलटी अडकवल्यासारखी वाटते. कारण साधं आहे, धनुष्य ओढताना मूठ हाताच्या आड यायला नको. म्हणजे तलवार कशी लटकवायची हेसुद्धा धनुष्य ठरवणार.

या सगळ्याची किंमत १५९२ मधे मोजावी लागली. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याने कोरियावर स्वारी केली. जपानी सैन्य शंभरेक वर्षं आपापसात लढून तयार झालेलं, हातात बंदुका, आणि जवळ आले की तलवारीला तोड नाही. बुसानला उतरल्यापासून तीन आठवड्यांच्या आत ते राजधानी हानयांगमधे, म्हणजे आजच्या सोलमधे शिरले. राजा सॉंजो त्याआधीच उत्तरेकडे पळालेला. आणि तो पळाल्यावर राजधानीतल्याच लोकांनी सगळ्यात आधी काय जाळलं असं दरबारी इतिहासात लिहिलंय माहितीये? गुलामांची कागदपत्रं ठेवायची कचेरी. शत्रू दाराशी आलेला आणि लोक आधी रजिस्टर जाळतायत! हा एक प्रसंग कळला ना की कोरियन पिक्चरमधला राग कुठून येतो ते कळतं.

कारण जोसनमधे गुलामी होती, नोबी म्हणायचे त्यांना, आणि ती आईकडून मुलाला वारशाने मिळायची. काही काळात लोकसंख्येचा तिसरा हिस्सा नोबी असावा असा इतिहासकारांचा अंदाज आहे. कायद्याने ती पूर्ण संपली ती थेट १८९४ मधे. दुसरा दुखरा भाग म्हणजे सॉजा, यांगबान बापाला दुय्यम बायकोपासून झालेला मुलगा. घरात वाढणार, शिकणार, पण मुलकी परीक्षेचा दरवाजा जवळपास बंद, बापाला उघडपणे बाप म्हणायची चोरी. हुशारी आहे, शिक्षण आहे, आणि जायला जागा नाही. असा पोरगा काय करणार? पिक्चरवाल्यांनी त्याच्या हातात तलवार दिली.

तुम्ही म्हणाल पिक्चरवाल्यांचं सोडा, खऱ्या आयुष्यात काय? तर युद्धानंतर दरबाराला जाग आली, १५९३ मधे नवीन प्रशिक्षणाचं लष्करी खातं उघडलं, बंदूकवाले, धनुष्यवाले आणि तलवार-भालेवाले अशा तीन तुकड्या केल्या, चिनी सेनापतीच्या पुस्तकावरून कवायती शिकवल्या. आणि १७९० मधे जॉंगजो राजाने एक भलं मोठं सचित्र पुस्तक करून घेतलं, 'मुये दोबो तोंगजी', त्यात २४ युद्धकला, कोरियन तलवार, चिनी प्रकार, आणि ज्यांनी देश जाळला त्या जपान्यांचीही तलवार, पायरीपायरीने चित्रांसकट. आजचे स्टंटवाले आणि तलवारीचे क्लासवाले सगळे याच पुस्तकाकडे बोट दाखवतात. हे पुस्तक केलं तिघांनी, यी दक-मू आणि पाक जे-गा हे दोन पंडित आणि बेक दोंग-सू हा प्रत्यक्ष हात चालवणारा, जो यी दक-मूचा मेव्हणा होता. आता गंमत ऐका, हे तिघेही सॉजा, म्हणजे एकतर स्वतः तसे जन्मलेले किंवा तशा घराण्यातले. देशाच्या तलवारीचं सगळ्यात मोठं पुस्तक ज्यांना मुख्य दरवाजातून आत घेत नव्हते अशा तिघांकडून आलंय. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून घरात दोन फेऱ्या मारल्या होत्या.

आता हे डोक्यात ठेवून हिरो मोजा. २००१ चा 'मुसा', कोर्योचं शिष्टमंडळ १३७५ मधे चीनच्या वाळवंटात अडकतं, त्यात सगळ्यात भारी लढणारा कोण, तर गुलाम. २०११ चा 'वॉर ऑफ द ॲरोज', हिरो राजद्रोही ठरवून मारलेल्या माणसाचा पोरगा. २०१० चा 'ब्लेड्स ऑफ ब्लड', एक आंधळा तलवारबाज आणि त्याच्या मागे फिरणारा सॉजा पोरगा. २०१४ चा 'कुंदो', हिरो खाटीक, तोही समाजाने बाहेर ठेवलेल्या जमातीतला, आणि लढतो चक्क दोन सुऱ्यांनी. २०२४ चा 'अपरायझिंग', पुन्हा गुलाम, मालकाचा पोरगा तलवारीच्या धड्यात चुकला की मार खायला याला उभं करायचे, आणि मार खाताखाता तलवार शिकला तो हाच. आणि आमचा 'द स्वोर्ड्समन'वाला, गादीवरून खेचलेल्या राजाचा अंगरक्षक. एकाच्याही तलवारीला दरबारात जागा नाही. यांना पदरी ठेवायला कुणी तयार नाही कारण यांनी तलवार उचलणं हाच गुन्हा आहे. म्हणून यांची फाइट ही शौर्य दाखवायची फाइट नसते, ती तक्रार असते. अर्ज करायची सोय नव्हती म्हणून तलवारीने केलेली.

'कुंदो'चा व्हिलन तर मला हिरोपेक्षा जास्त लक्षात राहिला. गांग दोंग-वॉनने केलाय, श्रीमंत बापाचा सॉजा पोरगा, राज्यात त्याच्या तोडीचा तलवारबाज नाही, दिसायला असा की थिएटरमधे पोरी त्याच्या बाजूने. तो क्रूर आहे, गरिबांना नागवतो, पण त्याच्या डोळ्यात सतत तो एकच हिशोब चालू असतो की बापाने मला एकदा नीट मुलगा म्हणावं. वाईट माणूसही त्याच दारावर डोकं आपटतोय. हे कोरियन लेखकांना फार छान जमतं, आपल्याकडच्या ऐतिहासिक पिक्चरमधला व्हिलन नुसता हाड चघळत हसत बसतो.

बरं, आता फाइटकडे येऊ, ज्यासाठी तुम्ही हे वाचायला घेतलं असेल. ढोबळ सांगते, अपवाद भरपूर आहेत. जपानी तलवारीच्या सीनमधे शांतता असते. दोघं समोरासमोर उभे, वारा, गवत, बराच वेळ काहीच नाही, मग एक वार आणि संपलं. हाँगकाँग-चिनी पिक्चरमधे नाच असतो, माणसं बांबूच्या शेंड्यावरून उडतात, वजनच नसतं कुणाला. कोरियनांनी दोन हजारच्या सुमारास आधी हे वायरवालं उडणं करून बघितलं, थोडं उसनं वाटायचं. मग 'मुसा'सारख्या पिक्चरपासून त्यांनी माणसाला जमिनीवर आणलं. ॲक्शन डायरेक्टर जॉंग दू-होंग हे त्यातलं मोठं नाव, 'मुसा'च्या फाइट्स त्याच्या आहेत. तिथून पुढे कोरियन फाइटची एक ओळख झाली, माणूस दमतो. चिखलात पाय रुततो, तलवार अडकते, हात थरथरतो, श्वासाचा आवाज संगीतापेक्षा मोठा येतो. शेवटाकडे तर दोघं एकमेकांना धरून उभे असतात, मारायला की पडू नये म्हणून ते कळत नाही.

आणि कपडे! साधे लोक पांढरे कपडे घालायचे, त्यामुळे रक्ताचा एक थेंब पडला तरी दिसतो, वेगळं काही करावं लागत नाही. अंगरख्याच्या बाह्या सैल आणि लांब, वार करताना कापड मागून येतं, हाताची रेष हवेत काढल्यासारखी. पायात गवताच्या चपला. दारं कागदाची, त्यामुळे आतली फाइट बाहेरून नुसती सावलीत दिसते आणि मग कागद फाडून पातं बाहेर येतं. घराला मधे चौक, वर कौलं, कौलांवरून पळापळ. या सगळ्या गोष्टी खऱ्याच होत्या, दिग्दर्शकाला फक्त कॅमेरा नीट ठेवायचाय.

टोपीबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण नवीन बघणाऱ्याला पहिला प्रश्न टोपीचाच असतो. ती काळी, रुंद काठाची, आरपार दिसणारी टोपी म्हणजे गात, घोड्याचे केस आणि बांबूच्या बारीक काड्या विणून केलेली. पावसाला काही उपयोग नाही, उलट पावसात तिलाच झाकायला वेगळं कव्हर. ती कुणी घालायची, काठ किती रुंद, सगळ्यात हुद्दा. तिच्याखाली केसांचा बुचडा, तो लग्न झालेल्या मोठ्या पुरुषाची खूण. म्हणून फाइटमधे कुणाची टोपी उडाली किंवा बुचडा कापला जाऊन केस सुटले की तो नुसता स्टाइलचा शॉट नसतो. ज्याला पगडी पायाशी ठेवणं म्हणजे काय ते कळतं त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. 'कुंदो'त गांग दोंग-वॉनचे केस सुटतात तो सीन लोकांनी वेगळ्या कारणासाठी परतपरत बघितला ती गोष्ट निराळी.

२००५ चा 'ड्युएलिस्ट' मात्र या चिखलवाल्या पंगतीत बसत नाही. त्याची गोष्ट मला दोनदा बघूनही धड सांगता येणार नाही, पण अंधाऱ्या गल्लीत एक पोलिसबाई आणि एक मारेकरी लढतात, पातं उजेडात आलं की दिसतं, अंधारात गेलं की गायब, आणि लढता लढता त्यांचं प्रेम जमतंय हे संवादाशिवाय कळतं. तेवढ्या गल्लीसाठी बघा.

आता हे लोक एवढ्या गोष्टी आणतात कुठून? तर त्यांच्याकडे खजिना आहे. जोसनच्या राजांची दरबारी बखर, 'सिल्लोक', १३९२ पासून १८६३ पर्यंत म्हणजे ४७२ वर्षांची, २५ राजांची. राजाच्या आजूबाजूला लेखनिक बसणार, सगळं टिपणार, आणि जिवंत राजाला ते वाचायची परवानगी नाही. १४०४ मधे वर सांगितलेला तेजोंग राजा शिकारीत घोड्यावरून पडला, उठल्या उठल्या पहिलं वाक्य काय तर इतिहास लिहिणाऱ्याला हे कळू देऊ नका. हे आपल्याला कसं माहीत? लेखनिकाने तेही लिहून ठेवलं! आज हे सगळं आधुनिक कोरियनमधे भाषांतर होऊन इंटरनेटवर फुकट आहे. पटकथा लेखक त्यात घुसतो, एखादी विचित्र ओळ शोधतो किंवा एखादी मोकळी जागा, जिथे काही दिवसांचं धड काही सापडत नाही, आणि तिथे आपला गुलाम, आपला आंधळा तलवारबाज उभा करतो. २०१२ चा 'मास्करेड' असाच, ग्वांगहे राजाच्या काळातले पंधरा दिवस घेतले आणि त्यात राजाच्या जागी हुबेहूब दिसणारा बहुरूपी बसवला. तो तलवारीचा पिक्चर नाही म्हणा, पण पद्धत कळते. बखरीत गुलामाचं नाव येत नाही, आलं तर गुन्हेगार म्हणून, त्यामुळे मोकळी जागा त्यांच्यासाठी भरपूर.

दोन तारखा पाठ केल्या तर अर्धे पिक्चर सोपे जातात. एक १६२३. ग्वांगहे राजाने चीनचं मिंग घराणं आणि उत्तरेकडून वर येणारे मांचू यांच्यात तोल सांभाळायचा प्रयत्न केला, दरबारातल्या एका गटाने बंड करून त्याला हटवलं आणि इंजोला गादीवर बसवलं. 'द स्वोर्ड्समन' आणि 'वॉर ऑफ द ॲरोज' दोन्हींची जखम इथली. दुसरी १६३६-३७. इंजोने मिंगची बाजू धरली, मांचू सैन्य चालून आलं, राजा हिवाळ्यात डोंगरी किल्ल्यात दीड महिना अडकला आणि शेवटी खाली उतरून मांचू सम्राटासमोर तीनदा गुडघे टेकून नऊ वेळा कपाळ जमिनीला लावलं. आपले शिवाजी महाराज तेव्हा सात वर्षांचे होते, हा हिशोब मी उगाच करून बघितला. हजारो कोरियन लोक कैदी म्हणून ओढून नेले गेले. 'वॉर ऑफ द ॲरोज'मधे हिरो बहिणीला सोडवायला मांचू तुकडीच्या मागे लागतो, आणि त्यात तलवार दुय्यम, धनुष्यच मुख्य, मी वर म्हटलं तसं. त्यातला तो छोटा बाण बघा, अर्ध्या चिरलेल्या बांबूच्या नळीतून सोडायचा, हलका म्हणून भन्नाट वेगाने जातो आणि शत्रूने उचलला तरी नळीशिवाय त्याच्या काही कामाचा नाही. मांचू लोक पडद्यावर मांचू भाषा बोलतात, जी आज जवळपास कुणाची बोलभाषा राहिलेली नाही, एवढी मेहनत घेतलीये.

हा इतिहास तिथल्या लोकांसाठी अजून ओला आहे. २०१४ मधे सेनापती यी सुन-शिनच्या १५९७ च्या आरमारी लढाईवर 'द ॲडमिरल' आला, डझनभर जहाजं विरुद्ध शंभरावर जपानी जहाजं, आणि त्याची १ कोटी ७६ लाखांच्या आसपास तिकिटं खपली, साधारण ५ कोटी वस्तीच्या देशात. या यी सुन-शिनच्या दोन तलवारी आजही जपून ठेवल्यात, प्रत्येकी जवळपास २ मीटर लांब, लढायला नव्हे तर मानाच्या. आणि चिडणंही तसंच. २०२१ मधे एका टीव्ही मालिकेत जोसन काळातलं खाणं-सजावट चिनी वाटते म्हणून लोक एवढे भडकले की दोन एपिसोडनंतर ती बंदच करावी लागली. आपल्याला हे नवीन नाही, इतिहासावर पिक्चर काढून इथेही कोण सुखाने झोपलंय.

बघताना एक सल्ला. हिंदी डब टाळा. आणि इंग्रजी सबटायटलवर पूर्ण विसंबू नका, कान कोरियनवर ठेवा. त्या भाषेत कोण कुणाशी कुठल्या पट्टीत बोलतो यावर सगळं आहे, क्रियापदाचा शेवट बदलतो, आणि इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे त्यामुळे थोडा कान लागला की कळायला लागतं, गुलामाने मालकाला पहिल्यांदा 'तू'च्या पट्टीत बोललं की पुढच्या दहा सेकंदात तलवार निघणार. राजाला 'जोन्हा' म्हणतात ते ऐकू येईल, सम्राटाला वापरायचा शब्द त्याहून वरचा, तो जोसनचा राजा वापरत नव्हता कारण वर चीनचा सम्राट. एका हाकेत केवढं परराष्ट्र धोरण.

सगळंच ग्रेट आहे असं नाही हां. दुसऱ्या अर्ध्यात रडारड ठरलेली. बायकांच्या वाट्याला बऱ्याचदा फक्त पळवून नेलं जाणं येतं, 'द स्वोर्ड्समन'मधे मुलगी, 'ॲरोज'मधे बहीण, निदान ती बहीण हातात धनुष्य तरी घेते. २०१५ च्या 'मेमरीज ऑफ द स्वोर्ड'मधे बाई केंद्रस्थानी आहे, काळही तो दाढी जाळल्यानंतरचा सेनापतींचा, पण पिक्चर इतका देखणा व्हायला जातो की पुढे सरकतच नाही. खोट्या कॉम्प्युटर घोड्यांबद्दल तर बोलायलाच नको.

सुरुवात करायची तर 'वॉर ऑफ द ॲरोज'ने करा, पळापळ सरळ आहे, इतिहास नाही कळला तरी चालतं. मग 'द स्वोर्ड्समन'. 'अपरायझिंग' शेवटी ठेवा, तो नेटफ्लिक्सवर आहे, त्यात १५९२, पळालेला राजा, जाळलेली रजिस्टरं, मालक आणि गुलामाची दोस्ती सगळं एकत्र येतं आणि शेवटी धुक्यात समुद्रकिनाऱ्यावर तिघांची फाइट आहे, कोण कुणावर वार करतंय ते त्यांनाही नीट दिसत नाही.

आईला मी यातलं बरंचसं चहा पिताना सांगितलं. तिने ऐकलं, दाढीच्या गोष्टीला हसली, गुलामांच्या रजिस्टरवर म्हणाली बरं केलं जाळलं ते. परवा कुठलीतरी कोरियन मालिका मीच लावली होती, ती भाजी निवडत बसलेली, मान वर करून म्हणाली, "याची मूठ पुढे आहे बघ. याला धनुष्य येत नसणार."